मिरजेचे तीस रुपये

मोदी, सोलापूर
२ एप्रिल १९३४

चिरंजीव भिमा यास आईचा सप्रेम सलाम.

तार मिळालीच असंल. तारेत चार शब्द बसतात, त्यात काय सांगणार. सोजर शुक्रवारी, तेवीस तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास गेली. मी जवळ होते. रूथ शाळंत होती. तिला आणायला कुणाला धाडायचं मला सुचलंच न्हाय, ती आपल्या येळेला आली पाटी घेऊन, आणि दारात एवढ्या चपला बघून इचारायला लागली की आज आपल्याकडं प्रार्थना हाय का.

तुला रजा मिळाली न्हाय हे पाळकसाहेबांनी सांगितलं. मिळाली असती तरी कराचीहून हितं यायला तुला चार दिवस लागले असते, आणि हितला उन्हाळा तुला ठाऊक हाय. त्याच दिवशी सांजच्याला माती दिली. मंडळी लई आली होती. मुख्याध्यापकांची बजाबाई सुदिक आली, आणि माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की मलाच तिला गप करावं लागलं. सून कुणाची गेली, माझी का तिची, असं झालं.

आता तू इचारशील, मिरजेचं काय झालं. सायकल इकून तू तीस रुपये धाडलेस, ते एक मार्चला मिळाले. सोजरला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची समदी तयारी केली होती. लुगडी बांधून ठेवली होती. पण तिच्या अंगात प्रवासाचं बळ उरलं न्हाय. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, त्या छोट्या गाडीत दिवसभर हिंदकळत बसायचं, ते तिला सोसलं नसतं. हलवू नका असं सांगितलं. मग औषधं, दूध, मोसंबी, ह्यातच पैसे गेले. म्हणशील तर तुला एकेक लिवून कळवीन. तुझा तसा स्वभाव न्हाय, मी आपली म्हणते.

देवाची इच्छा होती. त्याच्यापुढं आपलं काय चालतं?

आणखी एक. हंगामाच्या सणाबद्दल तुला हितलं कुणी काय लिवलं तर मनावर घेऊ नको. दुसऱ्यानं देवाला दिलेलं काही लोकांना बघवत न्हाय.

रूथ बरी हाय. जेवते. तू जेवत जा.

तुझी आई,
तानाबाई


६ मे १९३४

चिरंजीव भिमा यास सलाम.

तुझं पत्र आलं. मी चारदा वाचलं, मग रूथला वाचून दाखवलं, त्यातलं काही गाळून.

करकंबहून सोजरची थोरली बहीण गोजाबाई हिनं रूथला मागितली हे तू मला कळवलंस ते बरं केलंस. मला ती बया एका शब्दानं बोलली न्हाय. मातीला आली, तीन दिवस ऱ्हायली, माझ्या चुलीवर स्वैपाक केला, आणि परत जाऊन तुला परस्पर पत्र. तिचा नवरा तितं मास्तर हाय, घरात दुभती म्हस हाय, समदं खरं. पण तू तिला लिवलंस की माझी पोर माझ्या आईजवळच वाढंल, जिनं मला वाढवलं तिच्याजवळ. मी ते वाक्य पाळकसाहेबांना दाखवणार होते. कागद घेऊन निघाले बी. वाटेतनं परत आले.

सोजरनं मरायच्या आधी तुला लिवलेलं कार्ड तू माझ्यासाठी उतरून धाडलंस. "आत्या माझं लई करतात. मिरजेला जायचं त्यांच्या मनात हाय. तुमी काळजी करू नका." असं लिवलं होतं का तिनं? मला ठाऊक नव्हतं. ते कार्ड टाकायला तिनं माझ्याजवळ दिलं होतं आणि मी वाचलं न्हाय. वाचायला पाहिजे होतं, तशी मला सवय हाय.

तिच्या नावाचा दगड बसवायला तू दहा रुपये जास्त धाडतो म्हणतोस. इतक्यात नको धाडू. घाई काय हाय.

तुला एक सांगायचं. सोजर शिवणाचं काम करायची ते तुला ठाऊक हाय. बाजारातल्या दुकानाची झबली शिवायची, महिन्याला दोन रुपये सुटायचे. ते पैसे कुटं जातात ह्यावरनं माझं नि तिचं दिवाळीपासनं वाजत होतं. देवळात थाळी फिरली की ती टाकणार अर्धा आणा. मी शेजारी बसलेली, माझा रुपया, आणि माझ्या सुनेचा अर्धा आणा! माझी मान खाली जायची. मी तिला म्हणायचे, दशांश तर दूरच, तुला देवाची लाज बी न्हाय. पाळकसाहेबांच्या कानावर घातलं, तुला बी मागं लिवलं होतं की तुझी बायको चोरून चहा-बांगड्यांत पैसे घालवती. ती कधी उलट बोलली न्हाय, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

तर परवा पलीकडच्या खोलीतली मल्लव्वा आली. कानडी बाई, मराठी तोडकंमोडकं बोलते. नवऱ्याचा माग दिवाळीपासनं बंद होता. पोराला पाजायचं तिचं दूध बी तेव्हाच आटलं, आणि तेव्हापासनं, म्हंजे पाच महिने, सोजर त्याला रोज पावशेर दूध घ्यायची गवळ्याकडनं. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. गवळी खालच्या खालीच द्यायचा. मल्लव्वा ते पोर माझ्या मांडीवर ठेवून गेली. दोन दात आलेत त्याला. अंगानं चांगलं भरलंय. मी त्याला घेऊन तशीच बसले.

आता जास्त लिवत न्हाय. डोळ्याला पाणी येतंय, उन्हाचं.

तुझी आई


२४ जून १९३४

भिमा,

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकाला बी उत्तर दिलं न्हाय. आजारी न्हाय मी. रूथ बी बरी हाय.

दुसऱ्या पत्रात तू लिवलंस की आई, हितं कराचीत बी मी पगार झाला की पहिला दहावा हिस्सा देवाचा काढतो, मग खाणावळीचं बघतो, तू शिकवलंस तसं. हे वाचल्यापासनं मला अन्न गोड लागत न्हाय. तेव्हा आता सांगते. सांगितल्यावर तू काय करशील ते मला ठाऊक हाय, रूथला नेशील. माझ्या जवळ आता ती एकटीच हाय. म्हणून तर तीन महिने गप बसले. पण तू मला "तू शिकवलंस तसं" असं लिवत ऱ्हायलास तर मी ह्या घरात त्या पोरीकडं बघू शकत न्हाय.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिवलं. हलवू नका असं कुणीच म्हणालं न्हाय. नर्सबाईनं सोजरला तपासून उलटंच सांगितलं होतं, पोटात गाठ हाय, अंगावरनं जाणं थांबत न्हाय, आठ दिवसांच्या आत मिरजेला न्या. गुरुवारी तुझे पैसे आले. मंगळवारी निघायचं ठरलं. लुगडी बांधली होती ते मात्र खरं.

मधी रविवार होता, चार मार्च. हंगामाचा सण. तुला आठवतंय ना, उपासना झाली की देवळामागच्या कडुलिंबाखाली लिलाव व्हायचा? ज्वारीची पेंढी, कोंबडी, अंडी, वांगी, ज्यानं जे देवाला आणलं त्याची बोली. तू लहानपणी लिंबासाठी दोन पैसे बोलला होतास आणि समदे हसले होते.

मी तुझ्या पैशातनं दशांशाचे तीन रुपये सकाळीच काढून घेतले होते, थाळीत टाकायला. ते आधी सांगते. तू पैसे सोजरसाठी धाडलेस, तरी मी काढले. मला वाटलं देवाचं आधी दिलं तर मिरजेत गुण येईल. पण ते थाळीपाशी थांबलं असतं तर बरं झालं असतं. बाकीचे पैसे मी कमरेला खोवून नेले, घरी ठेवायची भीती म्हणून. असं मी मनाला सांगितलं. खरं सांगू का, पैसे कमरेला असले की देवळात माझी चाल बदलते.

वळसंगच्या मंडळीनं एक लाल भोपळा आणला होता. माझं माहेर. गरीब मंडळी, पण भोपळा असा की दोघांनी उचलावा. बोली झाली आठ आणे. बजाबाई म्हणाली, बारा आणे, आणि हसली. का हसली कोण जाणे. मी रुपया म्हटलं. तिनं दोन. मी तीन म्हटलं. मग लोक गोळा झाले. तू बघायला हवं होतंस, पोरं झाडावर चढली. पाच झाले, सात झाले, पाळकसाहेब टाळ्या वाजवायला लागले की ही बगा श्रद्धा. दहा झाले तेव्हा बजाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तेव्हाच मला कळलं की मी आता थांबले न्हाय तर जिंकते. आणि मी थांबले न्हाय. अठरा रुपयांना भोपळा घेतला भिमा मी. समद्या मंडळीनं उभं राहून स्तोत्र म्हटलं. मी बी म्हटलं, समद्यांच्या वर आवाज काढून. माझ्या डोळ्यांतनं पाणी व्हातं, आणि मला वाटत होतं की हे देवाच्या प्रेमाचं पाणी हाय.

सोजर बायकांत बसली होती, भिंतीला टेकून. मी तिच्याकडं बघितलं न्हाय.

घरी आल्यावर मीच बोलायला लागले, ती काय बोलायच्या आत. देव ठेवून घेत न्हाय कुणाचं, पुढली मनिऑर्डर आली की एक एप्रिलला निघू, महिन्याचाच तर सवाल हाय, आणि देवानं मनात आणलं तर मिरजेची बी गरज पडायची न्हाय. मी बोलतच होते. ती भोपळ्याजवळ बसली. त्याच्यावर हात फिरवला. म्हणाली, "आत्या, आपल्याला लई होईल हा. मल्लव्वाला नि खालच्यांना थोडा थोडा देऊ का?"

त्याच दिवशी तिनं कापला, उभं ऱ्हावत नव्हतं तरी. आठ घरांत फोडी वाटल्या. वाटताना ती हसत होती. ती मला लाजवत न्हवती रे, तिला खरंच आनंद झाला होता. तेच मला अजून सोसत न्हाय.

तू म्हणशील, नऊ रुपये तर उरले होते. उरले होते. नऊ रुपयांत दोघींचं गाडीभाडं सुटलं असतं, पुढचं देवानं बघितलं असतं. पुढचं देव बघील हे मला भोपळा घेताना सुचलं, गाडीत बसायच्या येळी सुचलं न्हाय. आणखी सांगते. पाळकसाहेबांच्या दारात जाऊन नुसतं म्हटलं असतं की पैसे सुनेच्या दवाखान्याचे होते, तर त्या माणसानं त्याच पावली परत दिले असते. मी दोनदा गेले. एकदा बारा तारखेला, एकदा सोळाला. सोळाला तर सोजरला उठवत नव्हतं. दोन्ही येळेला दारापर्यंत गेले, आतनं बजाबाईचा आवाज ऐकला, आणि परत आले. बजाबाई तितं रोजच असते. मला ते ठाऊक नव्हतं असं न्हाय.

तुझा बाप इन्फ्लुएन्झात गेला तेव्हा तू सात वर्षांचा होतास. बायकांना शास्त्र वाचून दाखवायचे मला आठ रुपये मिळायचे, त्यातले तेरा आणे पहिल्या दिवशी बाजूला. तू अनवाणी शाळंत गेलास, तळव्याला फोड घेऊन आलास, तरी त्या तेरा आण्याला मी हात लावला न्हाय, आणि हे मी गावोगावच्या सभांत उभी राहून सांगायचे. बायका रडायच्या. माझं पोर अनवाणी चाललं ते मी दहा गावांत मिरवलं.

सोजर शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडं पाणी मागितलं, आणि मी दिलं. एवढंच मी केलं तिच्यासाठी, हे लिवून ठेव.

रूथला काय ठाऊक न्हाय. तिला तू सांग, न्हायतर मी सांगीन, ती मोठी झाल्यावर.

तुझी आई


१९ ऑगस्ट १९३४

भिमास सलाम.

आठ आठवडे झाले. पत्र मिळालं असणार, कारण एक तारखेला मनिऑर्डर आली. आधी तू वीस धाडायचास, आता पंधरा. खाली कुपनावर तू नेहमी दोन ओळी लिवायचास, रूथला पापा, आई खोकल्याला काढा घे, असं. ह्या बारीला कुपन कोरं. मी शिवशरण पोस्टमनला म्हटलं, दुसऱ्याचं आणलंस का काय. त्यानं उलटसुलट करून बघितलं आणि मान हलवली.

मी देवळात मंडळीपुढं उभी राहिले, गेल्या महिन्यात. समदं सांगितलं, तुला लिवलं तसंच. मला वाटलं मला प्रभुभोजनातनं काढतील, भाकरीला नि प्याल्याला हात लावू देणार न्हाईत. सहा महिने, सालभर, काय असंल ते. दारू पिणाऱ्याला काढतात, नवस करणाऱ्याला काढतात. पाळकसाहेब आणि वडील मंडळी आत बसली तासभर. बाहेर येऊन म्हणाले, तानाबाई, दान देणं हा काही गुन्हा न्हाय, तुमच्यावर कुठला नियम लागू पडत न्हाय. शांतीनं घरी जा. आणि त्यातल्या एकानं अठरा रुपये माझ्यापुढं ठेवले, परत. मी ते बघून अशी ओरडले की लोक धावले. आता कशाला देता म्हटलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

प्रभुभोजनाला मी आता माझी मीच उठून बाहेर जाते. लिंबाखाली थांबते. बजाबाई एकदा माझ्यासोबत बाहेर येऊन थांबली. मी तिच्याबद्दल तुला जे जे लिवलंय ते विसर.

रूथ इचारते, बाबांचं पत्र का न्हाय. मी सांगते, काम लई हाय. परत खोटं. पण हे खोटं तिच्यासाठी हाय, माझ्यासाठी न्हाय. का माझ्यासाठीच हाय, मला आता ओळखता येत न्हाय.

तू नेणार असशील तर ने. फक्त आधी कळव, मला तिचे दोन परकर शिवून ठेवायचेत.

आई


१४ ऑक्टोबर १९३४

भिमा,

तू कळवलं न्हाईस. गुरुवारी गोजाबाईच आली, बैलगाडी वेशीवर ठेवून, हातात तुझं पत्र. तिला लिवलेलं. मला तिनं वाचायला दिलं न्हाय, नुसतं लांबून तुझं अक्षर दाखवलं.

मी काय शहाण्यासारखी वागले असं समजू नको. मी दारात आडवी उभी राहिले. तिला म्हटलं, पोरीला हात लावशील तर हात मोडून ठेवीन. आणखी बी लई काय काय म्हटलं, ते मला शास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी ऐकलं असतं तर मरून पडल्या असत्या. आख्खी चाळ बघत होती. गोजाबाई खाली बसली, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "भिमानं लिवलंय की म्हातारीशी भांडू नको, तिनं स्वतःच सांगितलंय मला. म्हणून मी भांडत न्हाय. न्हायतर माझी बहीण होती ती."

मग मी बाजूला झाले.

दोघींनी जेवण केलं. मी रूथची वेणी घातली. तिचे केस सोजरसारखे हायेत, बोटांत ऱ्हात न्हाईत. तीनदा सोडून परत घातली, तेवढाच येळ. पोरीला गंमत वाटत होती, मावशीकडं म्हस हाय म्हणून. म्हशीला नाव काय ठेवलंय ते इचारत होती. मी गोजाबाईला तुझ्या मनिऑर्डरीतले न मोडलेले अकरा रुपये देऊ लागले, पोरीच्या दुधाला. तिनं हात मागं घेतला. माझ्या हातनं एक पै घ्यायची न्हाय असं तू तिला लिवलंयस म्हणे. मी ते पैसे परत कमरेला लावले. चाळीस वर्षं मी देत आले, भिमा. कुणी घेत न्हाय असं पहिल्यांदाच झालं.

वेशीपर्यंत गेले. गाडी हलली तेव्हा रूथनं इचारलं, आजी तू मागनं येतीस ना. मी व्हय म्हटलं. ती लगेच पुढं बैलांकडं बघायला लागली.

घरी आले तर परकर खुंटीवरच. एक शिवून झाला होता, एकाला नाडी घालायची ऱ्हायली होती. मल्लव्वाच्या नवऱ्याला करकंबच्या बाजारला जायचं असतं, त्याच्या हाती धाडले. पोचले असतील.

आई


६ जानेवारी १९३५

माझ्या भिमा,

नाताळ झाला. तुमचा कसा झाला, हे इचारून तू सांगणार न्हाईस, तरी इचारते.

बुधवारी शिवशरण आला. पंधरा रुपये. ऑगस्टपासनं ही सहावी मनिऑर्डर. तीच रक्कम, तारीख एक न्हायतर दोन, कधी मागंपुढं न्हाय. सहा कुपनं झाली आणि एकावर बी अक्षर न्हाय. चाळीतल्या बायका म्हणतात, तानाबाईचा ल्योक गुणाचा, एवढं होऊन बी आईला टाकलं न्हाय. मी म्हणते, व्हय, गुणाचाच हाय.

पैसे मोजून मी ओट्यावर बसले होते, शिवशरण सहीसाठी थांबला होता. आणि एकदम मला कळलं की हे मी कुटं बघितलंय. असंच मी देवाला देत होते रे. पहिल्या तारखेला, न चुकता, पुरेपूर, एक दमडी कमी न्हाय. आणि सोबत एक शब्द न्हाय. दिलं की मोकळी झाले, आता त्यानं माझ्याकडं काय मागायचं न्हाय, माझ्या घरात डोकवायचं न्हाय. त्यानं काय करायचं होतं त्या पैशाचं? चाळीस वर्षं घेतले त्यानं बिचाऱ्यानं गुमान. मला सहा महिने झेपंना.

तू माझ्याकडनंच शिकलास. म्हणून तुला बोल लावत न्हाय.

ह्या बारीला मी सही केली न्हाय. शिवशरण म्हणाला, मावशी, परत जातील बगा कराचीला. म्हटलं, जाऊ दे. तू काळजी करू नको, मी उपाशी न्हाय. वाचनाचे आठ रुपये अजून मिळतात, आणि तेवढ्यात एका म्हातारीचं भागतं. पण पुढल्या महिन्यात पैसे धाडू नको. धाडलेस तर ते बी परत येतील.

पैशाऐवजी तीन पैशांचं एक कार्ड घे. त्यावर मला शिव्या लिव. तुझ्या बायकोला मी मारलं असं मनात असंल तर तसं लिव, मी वाचीन, पुसून टाकणार न्हाय. चांगलं अक्षर काढायची गरज न्हाय. आणि मागच्या बाजूला जागा उरली तर रूथचे पुढले दात पडले का तेवढं लिव, गोजाबाई तुला कळवत असंल.

अजून तुझीच,
आई